बेचाळीस

लग्नाचा सीझन अर्ध्यावर आलेला,
कॅमेऱ्याच्या पट्ट्याला कुणाच्या तरी हळदीचं बोट,
आणि मध्ये दोन दिवस मोकळे.

दुर्बीण नागोजी सरांची.
रायबागला बदली झाली तेव्हा ठेवून गेले
माझ्या स्टुडिओत, अल्बमच्या खोक्यांमागे.
सहा इंची आरसा, त्यावर तीन वर्षांची धूळ.

उद्यमबागेत गुरुसिद्दच्या लेथवर
अॅल्युमिनियमची कडी फिरत होती.
एका अंगाला कॅमेऱ्याचे दात,
दुसऱ्या अंगाला नळीचे आटे.
बेचाळीस, मी म्हटलं, आटा पाऊण मिलिमीटरचा.
नलवत्तेरडू, तो स्वतःशीच पुटपुटला
आणि व्हर्नियरचा जबडा मिटला.
माझं कन्नड भाजीबाजारापुरतं,
त्याची मराठी शिव्यांपुरती,
खरं मिलिमीटर दोघंही सारखाच म्हणतो.
पहिली कडी अडकली. दुसरी डगडगली.
तिसरीला त्यानं पैसे घेतले आणि म्हणाला,
दिसलं काही तर दाखव.

येळ्ळूरच्या शिवारात भात निघून गेलेला,
मसूर वीतभर.
शहराचा उजेड उत्तरेला, पाठीमागे.
डोळा लावायची काच काढून खिशात टाकली,
कडी फिरवली: एक, दोन, अडीच वेढे,
आणि कॅमेरा बसला.
बसला आणि नळीनं मान टाकली.
मग फ्लॅशची बॅटरी
सुतळीनं खालच्या टोकाला बांधली.

राखणीचे मष्णू काका बॅटरी मारत आले.
"काय करूलास रे?"
म्हटलं, तेवढा उजेड विझवा आधी.

तारा काही केल्या बारीक होईना.
बांगडीएवढा, मग पाटलीएवढा, मग परत बांगडी.
नळी आत जायची तेवढी गेली, अजून चार मिलिमीटर कमी.
शेवटी आरशामागचे तीन स्क्रू अंधारात चाचपत
आरसाच पुढे ढकलला.
(नागोजी सर, माफ करा.)

"मी डोळा कुठं लावू?" काका म्हणाले.
दुर्बिणीला डोळ्याची जागाच उरली नव्हती.
मी पाठीमागचा पडदा दाखवला
तर त्यांनी एक डोळा मिटून
दुसरा पडद्यालाच टेकवला,
आणि काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली.

मृगाच्या पोटातला बाण, त्याच्या खाली.
वीस सेकंद मी घुंडी फिरवत राहिलो
पृथ्वी फिरते तेवढीच, उलट्या बाजूला.
काका पाय न हलवता उभे. कुठंतरी मोटार सुरू झाली.
मग पडद्यावर
तारे आले, बासमतीच्या दाण्यासारखे लांबट,
आणि त्यांच्यामध्ये
पाटीवर ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं काहीतरी,
कडेला थोडं गुलाबी.

नकाशात त्याचा नंबरही बेचाळीस.
योगायोग आहे, त्यात अर्थ काही नाही,
मी नकाशा तीनदा बघितला.

कार्ड रिकामं करायचं राहिलंच.
चार हजार एकशे सोळा: सांबरेकरांच्या मुलीची पाठवणी,
गाडीच्या काचेवर आतून हात.
चार हजार एकशे सतरा: काळोख.
दोन्ही एकाच पेनड्राइव्हमधून अनगोळला गेले.

आठवड्यानं तिचा फोन.
"शेवटच्या फोटोत धुरासारखं काय आलंय?
काचेला बोट लागलं का?"
मी म्हटलं, चुकून आलाय, काढून टाकतो.
ती जरा वेळ बोलली नाही.
मग, "राहू दे," म्हणाली,
"गाडीतनं मला असंच दिसत होतं."

गुरुसिद्दला मात्र मोठी प्रत काढून नेली.
त्यानं तेलकट बोटं शर्टाला पुसली,
कोपरे धरून लेथच्या दिव्याखाली नेली,
बराच वेळ बघितली, उलटी करून पाठ बघितली.
मग विचारलं,
"आटा धरला काय?"